तख्त कोणाचे, शेत कोणाचे?



२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाराचा कायदा बदलायचे ठरवले. १७ जणांच्या मंडळात १२ जण सरकारने नेमलेले असावेत, अशी ती योजना होती. नांदेडचे शीख रस्त्यावर आले, अमृतसरहून निषेध आला आणि थोड्याच दिवसांत सरकारला तो बदल बाजूला ठेवावा लागला. आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी 'त्यांच्या देवस्थानाचे भांडण' म्हणून वाचली आणि पान उलटले. आमचे म्हणणे असे की हे भांडण आपलेही आहे. आपल्या बाजार समितीवर प्रशासक बसतो, आपल्या जिल्हा बँकेवर प्रशासक बसतो, तेव्हा आपण चहाच्या टपरीवर चार शिव्या घालतो आणि घरी जातो. नांदेडचे लोक घरी गेले नाहीत. का गेले नाहीत, हे समजून घेण्यासारखे आहे.

आम्ही रत्नागिरीकडची माणसे. आमच्याकडे कापूस नाही, ज्वारी नाही. भात, नाचणी, आंबा, काजू. पण 'धनी कोण' हा प्रश्न आमच्या खाचरात आणि तुमच्या काळ्या रानात एकच आहे. त्या प्रश्नाला शिखांनी दिलेले उत्तर तुमच्याच मुलखात, गोदावरीच्या काठी पूर्ण झाले. म्हणून हा कागदप्रपंच.

दोन तलवारी

गुरू अर्जुनदेवांना १६०६ साली लाहोरला मुघल कैदेत प्राण द्यावे लागले. त्यांच्यामागून गादीवर आलेल्या गुरू हरगोविंदांनी दोन तलवारी बांधल्या. एक मीरी, म्हणजे राज्यकारभाराची. दुसरी पीरी, म्हणजे धर्माची. हरमंदिर साहिबासमोर त्यांनी अकाल तख्त उभारले. अकाल म्हणजे काळाच्या पलीकडचा परमेश्वर. तख्त त्याचे. याचा सरळ अर्थ असा की दिल्लीच्या तख्तावर बसलेला बादशहा हा काही शेवटचा धनी नव्हे.

हा विचार नीट ध्यानात घ्या. ज्याच्यावर दुसरा धनी नाही तो सार्वभौम. शीख म्हणतात, असा धनी एकच, तो वर आहे. मग खाली कोणीच कोणाचा धनी उरत नाही. राजा हा फार तर राखणदार. राखणदारानेच पीक खाल्ले तर त्याला हाकलणे हा गुन्हा नव्हे, ते धर्माचेच काम. आपल्याकडे 'राजा बोले दल हाले' म्हणतात. इथे राजा बोलला तरी दलाने आधी विचारायचे की हे न्यायाचे आहे का.

गुरू अर्जुनदेवांनी चांगल्या राज्यासाठी एक शब्द वापरला आहे, 'हलेमी राज'. हलेमी म्हणजे नरमाई, नम्रता. ज्या राज्यात कोणी कोणाला पिळत नाही ते हलेमी राज. राज्य न्यायाचे की जुलमाचे हे दरबारातल्या झुंबरावरून ठरत नाही, प्रजेच्या पाठीवर वळ आहेत की नाहीत त्यावरून ठरते.

१६९९ साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंहांनी खालसा पंथ उभा केला. पहिले पाच जण निरनिराळ्या जातींचे, निरनिराळ्या मुलखांचे. त्यांतला एक, भाई साहिबसिंह, आपल्या शेजारच्या बिदरचा, जातीने न्हावी. गुरूंनी या पाचांना अमृत दिले आणि मग हात जोडून त्यांच्याकडूनच स्वतः अमृत घेतले. शीख परंपरा पुढे असेही सांगते की चमकौरच्या गढीत शत्रूचा वेढा पडला तेव्हा पाच शिखांनी गुरूंना गढी सोडून जाण्याचा हुकूम केला आणि गुरूंनी तो पाळला. ज्याने पंथ घडवला त्यालाच पाच जण हुकूम करतात आणि तो मानतो! आपल्या तालुक्यातल्या एखाद्या चेअरमनला पाच सभासदांनी असा हुकूम करून पाहावा.

नांदेडचा निर्णय

१७०८ साली गुरू गोविंदसिंह नांदेडला आले. तिथेच त्यांच्यावर मारेकऱ्याचा वार झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा अंत झाला. जाण्याआधी त्यांनी ठरवून दिले की यापुढे देहधारी गुरू नाही. ग्रंथ हाच गुरू, आणि कारभार पंथाचा, म्हणजे जमलेल्या संगतीचा.

या निर्णयाची किंमत कळण्यासाठी आमच्या रत्नागिरीत या. इथे थिबा राजाचा राजवाडा आहे. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढले, १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. राजा उचलला की राज्य संपले. पंजाबातही इंग्रजांनी तेच केले. १८४९ साली राज्य खालसा केले आणि पोरवयाच्या महाराजा दुलीपसिंहाला १८५४ साली विलायतेला पाठवून दिले. पण तिथे सगळे संपले नाही. राजाला जहाजात घालून नेता येते, संगतीला नेता येत नाही. नांदेडला गुरूंनी सत्ता एका देहातून काढून लोकांत ठेवली होती, त्याचे हे फळ.

आणि ग्रंथ तरी परका आहे का? त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. पंजाबात घुमानला नामदेवांचे स्थान आहे. २०१५ सालचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. शिंप्याच्या पोराचा शब्द जिथे गुरू म्हणून पुजला जातो, तिथे आपण पाहुणे नाही, घरचे आहोत.

कसणाऱ्याची जमीन

नांदेडला गोदावरीकाठी माधोदास नावाचा बैरागी राहत होता. तो गुरूंचा शिष्य झाला आणि बंदासिंह बहादूर या नावाने पंजाबला गेला. १७१० साली चप्पडचिडीच्या लढाईत त्याने सरहिंदचा सुभेदार वजीरखान याला मारले आणि तो मुलूख घेतला. मग त्याने काय केले? राज्याभिषेक करून घेतला नाही. नाणी पाडली ती गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंहांच्या नावाने, स्वतःच्या नावाने नाही. जमीनदारांच्या जमिनी त्याने कसणाऱ्यांच्या नावे केल्या. १७१६ साली दिल्लीत त्याला हाल करून मारले. राज्य सहा वर्षेही टिकले नाही. पण नांगर धरणारा माणूस जमिनीचा मालक असू शकतो, ही गोष्ट एकदा डोळ्यांनी पाहिलेले लोक ती विसरत नाहीत.

आमच्या कोकणात ही गोष्ट यायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोती होती. खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करणारा, पण व्यवहारात गावाचा राजा. भाताचे अर्धे पीक खोताचे, वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा खोताचा, वर वेठबिगार. १८८० साली इंग्रज सरकारने खोतीचा कायदा करून या सगळ्याला कागदाचा आधार दिला. लूट कायद्यात बसली की तिला वहिवाट म्हणतात!

ही खोती मोडण्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे मूळ गाव आंबडवे, आमच्याच मंडणगड तालुक्यातले. १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून गेले. त्याआधी अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला होता. तरी विधेयक पास झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खोतीचे विधेयक मांडण्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ च्या एप्रिलमध्ये, बाबासाहेब अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले होते. धर्मांतराचा विचार करताना शीख धर्म त्यांच्या डोळ्यांपुढे होता. शेवटी १९५६ साली त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. पण माणसाच्या मानाचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न या माणसाने एकाच वेळी हातात धरले होते, हे विसरून चालणार नाही. शिखांच्या दोन तलवारींचा अर्थ याहून वेगळा नाही. मान नसलेल्याला जमीन टिकवता येत नाही, आणि जमीन नसलेल्याला मान टिकवता येत नाही.

खोत गेले, खोती गेली का?

कागदावर खोत गेला. पण १९७२ साली तुमच्याकडे एकाधिकार कापूस खरेदी आली. पेरायचे तुम्ही, वेचायचे तुमच्या बायकापोरांनी, आणि विकायचे मात्र एकालाच. कापसाची गाडी राज्याच्या सीमेपलीकडे नेली की शेतकरी गुन्हेगार. पुढची तीस एक वर्षे हे चालले. ज्वारीवर लेव्ही बसली तेव्हाही हीच तऱ्हा. खोत निदान अर्धे पीक उघड मागत होता; सरकारने भाव पाडून किती नेले याचा हिशेब कोणी दिला? आज एकाधिकार नाही, पण कापूस ओला म्हणून भाव कापणारा आहे, कडता धरणारा आहे, आणि आपल्याकडे माल निघाला की बाहेरून आयातीला दार उघडणारा आहे.

बाजार समितीत मत कोणाला, हे सरकारागणिक बदलते. २०१७ साली शेतकऱ्याला थेट मत दिले, २०२० साली काढून घेतले. आता हे नांदेडशेजारी ठेवून पाहा. गुरुद्वाराचा कायदा १९५६ साली हैदराबाद राज्यात झाला. २०१५ साली तो बदलून मंडळाचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. २०२४ साली १७ पैकी १२ जागांवर हात घातला. पैसा संगतीचा, सेवा संगतीची, नेमणूक सरकारची. तिकडे माल आपला, सेस आपल्या मालावर, नेमणूक सरकारची. दोन्हीकडे गुखळी एकच.

'कारभार बिघडला होता म्हणून आम्ही आलो', असे सरकार दोन्हीकडे म्हणते. कारभार बिघडलेला असेलही. पण घरात भांडण झाले म्हणून घर पाटलाच्या नावे करायचे नसते.

भाकरी कोणाची खाता?

शिखांच्या हातून हे होते, आपल्या हातून का होत नाही? शौर्य हे त्याचे उत्तर नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने लाठी खाल्ली नाही, तुरुंग पाहिला नाही असे कोण म्हणेल? फरक भाकरीचा आहे. शिखांत दसवंध आहे. कमाईचा दहावा वाटा पंथाला द्यायचा, त्यातून लंगर चालायचा. बंदासिंहाच्या काळापासून देग आणि तेग हे दोन शब्द जोडीने येतात. देग म्हणजे अन्नाचे भांडे, तेग म्हणजे तलवार, आणि देग आधी. ज्याची चूल स्वतःची, त्यालाच 'नाही' म्हणता येते.

१९२० ते १९२५ या काळात पंजाबातले गुरुद्वारे महंतांच्या ताब्यातून काढण्यासाठी अकालींनी लढा दिला. १९२२ साली गुरू का बाग येथे जथ्यामागून जथे लाठ्या खात राहिले, पण कोणी हात उचलला नाही. १९२५ साली कायदा झाला आणि गुरुद्वारे निवडून आलेल्या समितीकडे आले. पाच वर्षे ही माणसे जेवली कोणाच्या चुलीवर? संगतीच्या.

२०२० च्या नोव्हेंबरात पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर, सिंघू आणि टिकरीला येऊन बसले तेव्हा देशाने तेच पाहिले. एक वर्ष लंगर चालला. त्या तीन कायद्यांविषयी महाराष्ट्रातल्या शेतकरी चळवळीत दोन मते होती आणि आहेत. बाजार मोकळा व्हावा ही तर आपली जुनी मागणी. पण कायदे आले कसे? जून २०२० मध्ये वटहुकूम काढून, शेतकऱ्याला न विचारता. गेले कसे? १९ नोव्हेंबर २०२१ ला, गुरू नानक जयंतीच्या दिवशी घोषणा झाली आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांत चर्चा न होता ते रद्द झाले. आणताना विचारले नाही, काढतानाही बोलू दिले नाही. ज्याला कायदे हवे होते तो आणि ज्याला नको होते तो, दोघांनाही राज्यकर्त्यांनी कुळच मानले. आमचा राग त्यावर आहे.

काही शंका

कोणी म्हणेल, धर्म आणि राजकारण एकत्र आले की रक्त सांडते. खरे आहे. १९८४ च्या मार्चमध्ये चंदीगडला शेतकऱ्यांनी राज्यपालांच्या निवासाला वेढा घातला होता. महाराष्ट्रातून शरद जोशीही त्यात होते. मागण्या विजेच्या आणि शेतमालाच्या भावाच्या होत्या. तीनच महिन्यांत सुवर्णमंदिरात सैन्य गेले, अकाल तख्त तोफांनी फुटले. ऑक्टोबरअखेर पंतप्रधानांची हत्या झाली आणि नोव्हेंबरात दिल्लीत हजारो निरपराध शीख मारले गेले. पुढची दहा वर्षे पंजाबात बंदुकी बोलत होत्या, आणि त्या आवाजात घामाच्या दामाची भाषा कोणालाच ऐकू आली नाही. तलवार एकट्या पंथाच्या नावाने उगारली की ती शेतकऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. मीरीला पीरीचा लगाम हवा तो यासाठीच. लगाम सुटला की तख्त कोणाचेही असो, मरतो गरीब.

दुसरे कोणी म्हणेल, शिखांचे राज्य आले तेव्हा काय झाले? महाराजा रणजितसिंह मोठा राजा होता. स्वतःच्या नावाचे नाणे त्यानेही पाडले नाही, आणि नांदेडच्या गुरुद्वाराची आजची वास्तू त्याच्याच मदतीने उभी राहिली. पण पंथाने एकत्र जमून निर्णय घेण्याची सरबत खालसाची जुनी रीत त्याच्या राज्यात मागे पडली, सत्ता दरबारात गोळा झाली. १८३९ साली तो गेला आणि दहा वर्षांत राज्यही गेले. आजही पाहा, अमृतसरच्या प्रबंधक समितीची निवडणूक २०११ नंतर वर्षानुवर्षे झाली नाही. म्हणजे तत्त्व शिखांचे असले तरी मोडणारे शिखांतही आहेत. शेतकऱ्याचा कैवार घेऊन निवडून आलेले आणि मग साखरसम्राट झालेले आपल्याकडे कमी आहेत का? तत्त्व मोडणारे निघाले म्हणून तत्त्व खोटे ठरत नाही. तत्त्वावर रोज पहारा ठेवावा लागतो, एवढेच.

तिसरी शंका, आपण तर शीख नाही. अर्थात नाही, आणि कोणी व्हावे असे आम्ही म्हणत नाही. जात्यावरची ज्वारी दळताना जाते कोणत्या गावच्या दगडाचे, हे आपण विचारत नाही.

जिल्हा बैठकीपुढे

म्हणून येत्या जिल्हा बैठकांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

पहिली. जिथे आपला माल किंवा आपला पैसा आहे, त्या प्रत्येक संस्थेत मत आपले असावे. बाजार समिती असो, बँक असो, जिनिंग असो. मुदत संपली की निवडणूक. प्रशासकाला मुदतवाढ नाही. देवस्थानांच्या बाबतीतही आपले म्हणणे हेच राहावे, मग देव कोणाचाही असो. नांदेडला पुन्हा असा घाला आला तर आपण त्यांच्या बाजूला उभे राहावे. आपल्या बाजार समितीसाठी त्यांना हाक मारण्याचा हक्क त्यातूनच मिळेल.

दुसरी. आपली देग आपण भरावी. सुगीला घरटी एक पायली ज्वारी आणि कापूस विकल्यावर जमेल तेवढी वर्गणी, हिशेब गावाच्या चावडीवर लावलेला. पुढाऱ्याच्या गाडीतून सभेला गेलेला माणूस पुढाऱ्याच्याच गाडीतून परत येतो. भाकरी बांधून चालत गेलेला माणूस बसायचे ठरवले तर बसू शकतो.

तिसरी. प्रत्येक शाखेने पाच माणसे निवडावीत, त्यांत निदान दोन बाया असाव्यात, आणि त्या पाचांचा शब्द आपल्या पुढाऱ्यावरही चालावा. ज्याला पाचांचा हुकूम मानवत नाही त्याने पुढारपण सोडावे. आम्हीही याला अपवाद नाही.

सरकार चांगले येईल, मग आपले बरे होईल, या आशेवर आपल्या दोन पिढ्या गेल्या. चांगला खोत मिळावा म्हणून कोकणातल्या कुळांनीही पिढ्यानपिढ्या नवस केले होते. नवसाने खोत बदलले. खोती मोडली ती कुळे उठली तेव्हा.